खोकी रचणाऱ्याने मोडायची

९ एप्रिल

धडपड्या,

तुझा पत्ता लंबूच्या बायकोकडून काढला. लंबू स्वतः मिठाची गुळणी धरून बसला होता. वीस वर्षं सिनेमात एकत्र पडताय, एकत्र मार खाताय, तोंडंही एकाच कुलपाची झालीत तुमची. शेवटी तिच्या मुलीचा गणवेश फुकट शिवून द्यायचं कबूल केलं, तेव्हा तिने चिठ्ठी हातात सरकवली. म्हणजे सख्ख्या भावाचा ठावठिकाणा मला एका फ्रॉकला पडला.

लगेच हुरळून जाऊ नकोस. माझा राग गेलेला नाही. दवाखान्यात सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले, "तू मारलंस माझ्या पोराला," ते मागे घ्यायला हे पत्र नाही. तूही काय, ऐकलंस आणि पाठ फिरवून जिना उतरलास. उतरलास तो उतरलासच. ज्याला जन्मल्यापासून खांद्यावर नाचवलंस, त्याला शेवटचं बघायलाही थांबला नाहीस. आता फोन बंद. सिनेमातलं काम सोडलंस म्हणे, कुठल्या शीतगृहात बटाट्याची पोती उचलतोस. उचल. मला काय त्याचं.

तुझी पेटी इथे आहे, ती कुठे पाठवायची एवढंच विचारायचं होतं. त्यात तुझे गुडघ्यांचे पट्टे आहेत, कोपरांचे आहेत, आणि तो पिवळा शर्टही आहे. शर्ट मी धुतलेला नाही. भिंगऱ्या तो घालून झोपायचा, तुला माहीत आहे.

इथलं काय सांगू? दवाखान्यात मी ओरडत होते तेव्हा कोणीतरी फोनवर टिपलं आणि ते सगळीकडे दाखवलं. लोकांना वाटलं, मी सिनेमावाल्यांना बोलतेय. आता शहरभर फलक आहेत. त्यावर भिंगऱ्याचा शाळेतला फोटो, केस चापून बसवलेला, आणि खाली "माझं पोर तुम्ही मारलंत". मी तुला एकट्याला बोललेलं वाक्य, नुसतं 'तू'चं 'तुम्ही' केलंय. मान वाढला हो तुझा.

रोज कोणी ना कोणी दारात असतं. मुलांनी मारधाडीचे सिनेमे बघू नयेत म्हणून ज्यांनी मोहीम काढलीय, त्या बाई तर आठवड्यातून दोनदा येतात. टीव्हीवर रोज संध्याकाळी चार माणसं माझ्या मुलावर भांडतात. एक म्हणतो, मुलं बघतात ते करतात. दुसरा म्हणतो, मुलांना खरं-खोटं कळतं. त्यातल्या एकानेही त्याला बघितलेलं नव्हतं.

मी कामाला जाते. घरात बसून भिंती किती बघणार? शाळा सुरू व्हायला दोन महिने, गणवेशाच्या दुकानात मान वर करायला वेळ नाही. तीस नंबरचा शर्ट कापून आला की शेजारच्या मशीनवाली तो गुपचूप आपल्या ढिगात ओढते. तिला वाटतं मला दिसत नाही. तीस नंबर त्याचा होता.

पेटीचं कळव.

ताई

२१ एप्रिल

धडपड्या,

उत्तर नाही. ठीक आहे. पेटी तुझी, सडू दे इथे.

आज एक वकील आला होता. सिनेमा काढणाऱ्या कंपनीचा. बुटाला पॉलिश, आवाजाला त्याहून जास्त. आधी म्हणाला, झालं ते फार वाईट झालं. मग पिशवीतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. पोलिसांनी काढलेला, आपल्या मागच्या अंगणाचा. जिन्याजवळची भिंत, वर गच्चीचा कठडा, आणि खाली भिंगऱ्याने रचलेली खोकी. तीन थर, मधोमध खचलेले, वर दोन गाद्या, चारी बाजूंनी दोरी.

"हे सिनेमात कुठे दाखवलेलं नाही," म्हणाला. "सिनेमात माणूस वरून पडतो, बस्स. ही रचना धंद्यातल्या माणसाची आहे. तुमचा भाऊ याच धंद्यात आहे ना? आणि आमच्या सिनेमात वरून पडलेला माणूसही तोच ना?"

मी फोटो उलटा घातला.

मग तो हळूच मुद्द्यावर आला. पुढच्या महिन्यात सरकारने नेमलेल्या चौकशी समितीपुढे मी सांगायचं की मामाने घरी शिकवलं. म्हणजे सिनेमा सुटला. मामावर निष्काळजीपणाचा खटला होईल, पण तो काही फार मोठा नसतो म्हणे. वर मला दिलासा देतो, "तुम्हीच तर दवाखान्यात म्हणालात, त्याने मारलं."

मी म्हटलं, मी माझ्या भावाला वाटेल ते बोलेन, तू कोण रे टिकोजीराव? आणि फोटो त्याच्या छातीवर ढकलून त्याला बाहेर काढलं. दार इतक्या जोरात आपटलं की आत झोपलेले हे उठून बसले.

पण नंतर दाराला कडी लावून मी तिथेच खाली बसले. कारण तो खोटं बोलत नव्हता. तू शिकवलंस. खोकी रिकामी हवीत, वरची झाकणं उघडी हवीत म्हणजे दाबल्यावर हवा निघते, एकाच्या सांध्यावर दुसरं, भोवती दोरी म्हणजे फाकत नाहीत. जेवताना ताटाशेजारी काड्यापेट्या रचून दाखवायचास आणि मी ओरडायचे, अरे गिळा आधी. दुकानातली शर्टांची खोकी तो मालकांकडून मागून आणायचा. मालक म्हणायचे, काय रे, दुकान टाकतोस काय? मला वाटायचं, खेळतोय.

मोहीमवाल्या बाईंना हे मी सांगितलेलं नाही. त्या म्हणतात, समितीपुढे एवढंच सांगा की त्याने तो सिनेमा तीनदा पाहिला होता. बाई खोट्या नाहीत रे. त्यांची मुलगी तो सिनेमा बघून आल्यापासून झोपेत किंचाळते, अंथरूण ओलं करते, आणि ती चांगली नऊ वर्षांची आहे. मोठ्यांचा सिनेमा, पण मोठ्यांचं बोट धरलं की दारावरचा लहानांना आत सोडतो. त्याला कोणी विचारत नाही. बाईंचं म्हणणं चुकीचं आहे असं मी कसं म्हणू?

पण माझा मुलगा किंचाळला नव्हता. पहिल्यांदा तू नेलंस, नंतर दोनदा मला घेऊन गेला. सिनेमातला तो नट माणसांना धरून धरून खाली फेकतो, आजूबाजूची मुलं डोळे झाकतात, एक पोरगी रडायला लागली, आणि आपला भिंगऱ्या खुर्चीत उभा राहून मला हलवतोय, "आई, आता बघ, कोपऱ्यात बघ, आता!" पिवळ्या शर्टातला तू चौथ्या मजल्यावरून येतोस, आणि पडद्याच्या अगदी कडेला डोळ्याची पापणी लवेपर्यंत एका खोक्याची कड दिसते. सिनेमातून कापायची कोणाकडून तरी राहून गेलेली. "दिसलं? मामाचं खोकं!" सगळं थिएटर मागे वळून बघायला लागलं. मी त्याची चड्डी ओढून त्याला खाली बसवलं.

मारामारी त्याने पाहिलीच नाही. त्याने तुला उडताना पाहिलं, आणि पडूनही उठताना. टीव्हीवरचा तो दुसरा म्हणतो ना, मुलांना खरं-खोटं कळतं, त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. कारण भिंगऱ्याला कळत होतं. ज्यांना सगळं खरं वाटलं ती मुलं घाबरून घरी गेली, रात्री किंचाळली, आणि सकाळी उठून शाळेत गेली. माझ्याला खोटं आहे हे माहीत होतं, म्हणून तो गच्चीवर चढला.

आता तूच सांग, मी समितीपुढे काय बोलू? सिनेमाने मारलं म्हणाले तर पोर बावळट ठरतं, खरं-खोटं न कळणारं. खरं सांगितलं तर तू जातोस.

उत्तर दे. नाही दिलंस तर तुझे पट्टे भंगारात घालीन.

ताई

३ मे

धडपड्या,

पट्टे घातले नाहीत. धमकी होती.

काल लंबू आला होता. चहा घेतला नाही, खुर्चीत टेकला नाही, सरळ मागच्या अंगणात गेला. खोकी अजून तशीच आहेत. पोलिसांनी बघून झाल्यावर हलवायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं, हे दोनदा हलवायला निघाले, मी दोन्ही वेळा आडवी आले. भंगारवाला दारावर हाक मारतो तेव्हा मी आधी मागचं दार लावून घेते.

लंबू उकिडवा बसला. मग दोरीची गाठ बोटाने चाचपली. म्हणाला, "गाठ बरोबर आहे." मग झाकणं पाहिली. "उघडी ठेवलीत." सांधे पाहिले. "ताई, रचण्यात एक चूक नाही. आमची नवीन पोरं इतकं नीट रचत नाहीत."

एवढा मोठा साडेसहा फुटी माणूस, आणि गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. मला वाटलं, शाबासकी ऐकायला पोर हवं होतं.

मग त्याने खालच्या थराचं एक खोकं वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. पुठ्ठ्यावर पाण्याची रेघ होती, तपकिरी, चहाच्या डागासारखी. खालचे दोन्ही थर तसेच, मधोमध बसलेले. "हे भिजले होते," म्हणाला. "ओला पुठ्ठा झेलत नाही. लगदा होतो आणि बसतो. वरचा थर कोरडा, वर गाद्या, त्यामुळे दिसलं नसणार." आणि मान वर करून त्याने विचारलं, "पाणी कुठून आलं?"

आता जे सांगते ते फक्त तुला. जाळ हे पत्र वाचून झाल्यावर.

हे माझ्यामागे उभे होते. तुझ्या दाजींना तू ओळखतोस, काच कारखान्यातली रात्रपाळी करून आले की आधी टाकीची मोटर लावतात आणि अंघोळीला पाणी येईपर्यंत जरा आडवे होतात. मार्चमधल्या त्या रविवारी मी दुकानात होते, एका शाळेची मोठी ऑर्डर होती. हे आले, मोटर लावली, आडवे झाले आणि डोळा लागला. टाकी भरून वाहायला लागली की पाणी नळीतून मागच्या भिंतीवरून उतरतं. आणि बरोबर तिथे खाली साचतं. भिंगऱ्याने खोकी आदल्या संध्याकाळी रचून ठेवली होती.

मी मागे वळून पाहिलं. यांच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. त्यांना त्या क्षणी कळलं, माझ्या डोळ्यांसमोर.

मी लंबूला म्हटलं, "टाकी गळते आमची. कधीची गळतेय, सांगून सांगून दमले."

लंबूने यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. शहाणा माणूस आहे, तुझ्यापेक्षा.

जाताना मी त्याला म्हटलं, घेऊन जा बाबा ही खोकी, मला बघवत नाहीत आणि दुसऱ्या कोणी हात लावलेलाही चालत नाही. तर त्याने हात मागे घेतले. म्हणाला, "आमच्यात तसं करत नाहीत. ज्याने रचली त्याने मोडायची. तो नसेल तर ज्याने त्याला शिकवलं त्याने. मी हात लावला तर पुढच्या वेळी माझीच खोकी मला झेलणार नाहीत."

तुमचं खूळ तुमच्यापाशी. पण ऐक, तेव्हापासून मोटर चालू असली की हे तिथून हलत नाहीत. रात्रपाळी करून आलेला माणूस, डोळे लाल, बटणावर हात ठेवून उभा. टाकी भरेपर्यंत. पोळ्या लाटताना मला त्यांची पाठ दिसते.

तुझी ताई

१२ मे

धडपड्या,

लंबू तुला भेटून आला. सगळं सांगितलं त्याने मला. माझी पत्रं तू वाचतोस, घडी घालतोस, आणि उशीखाली ठेवतोस. बोलत नाहीस. आणि संध्याकाळी काम सुटलं की शीतगृहाच्या गच्चीवर जाऊन कठड्याला पोट लावून उभा राहतोस. अंधार पडेपर्यंत.

लंबू म्हणाला, "ताई, मी खाली वाकून पाहिलं. खाली काही नाही. नुसती फरशी."

धडपड्या, गाढवा, तुला काय वाटतं, मला कळत नाही? माझा मुलगा गेलाय. मला आता कठड्यांचं कळतं. एक गेला तेवढा पुरे आहे. तुझ्या त्या गच्चीपायी मी तीन दिवस एक काज धड केलेलं नाही, मालकांची बोलणी खाल्ली.

नीट बस आणि वाच. तू स्वतःला काय सांगत बसलायस ते मला माहीत आहे, कारण ते तुझ्या डोक्यात मीच घातलं. तू मारलंस. तू शिकवलंस म्हणून गेला. मग मी लंबूला एक गोष्ट विचारली. म्हटलं, इतकं सगळं पोराला सांगितलं, ओल्या खोक्यांचं का नाही सांगितलं? माझा भाऊ कामात असा अर्धवट नाही.

लंबू डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "ते बघायचं काम पडणाऱ्याचं नसतंच. खाली जो उभा असतो त्याचं असतं. उडीच्या आधी एकेक खोकं तळहाताने दाबून बघायचं आणि मग वर हाक द्यायची. हाक आल्याशिवाय वरचा उडी मारत नाही. तुमच्या भावाने कधी खोकं दाबून बघितलेलंच नाही. वीस वर्षं मी बघतोय त्याच्यासाठी."

ऐकलंस? तुला एकट्याने उडी मारायची वेळ कधी आलीच नाही. म्हणून सांगायचं राहिलं. खाली कोणीतरी असतंच, असं तू धरून चाललास, पुढचा श्वास येणारच असं आपण धरतो तसं. आणि माझ्या भिंगऱ्याच्या खाली त्या दिवशी कोणी नव्हतं.

लंबूच्या आधी तुझ्या खाली कोण असायचं, आठवतंय? न आठवायला काय झालं. तू सहा वर्षांचा, मी अकराची. शेजाऱ्यांच्या भिंतीवरून उड्या. आधी गुडघे फोडून यायचास आणि आई मला मारायची, लक्ष नव्हतं म्हणून. मग मीच घरातल्या गाद्या ओढून आणल्या. एकावर एक रचल्या, सांध्यावर सांधा, दोन्ही बाजूंनी उशा लावल्या घसरू नयेत म्हणून. हाताने दाबून बघायचे, खडा-बिडा नाही ना. आणि तू वर, बेडकासारखा बसलेला, "ताई, आहेस का?" मी म्हणायचे, "हं, आहे मी." तेव्हाच उडी मारायचास. एकदा मुद्दाम गप्प राहिले तर तासभर भिंतीवर बसून राहिलास, रडलास, पण उडी मारली नाहीस. आई म्हणायची, हा धडपड्या एक दिवस पडण्याचेच पैसे घेईल. घ्यायला लागलास.

मग सांग आता, भिंगऱ्याला शिकवलं कोणी? तू. तुला शिकवलं कोणी? हे सगळं मी रात्रभर उलटसुलट केलं. मारणारा शोधायला निघाले की पहिला तू सापडतोस, मग मोटरजवळ उभा असलेला हा माणूस सापडतो, मग दुकानात बसलेली मी. घरात कोणी उरत नाही रे.

त्या गच्चीवर जाऊ नकोस. पाया पडते.

ताई

१९ मे

धडपड्या,

उद्या सुनावणी. मोहीमवाल्या बाई सकाळी गाडी पाठवणार आहेत. फिकट रंगाची साडी नेसा म्हणाल्या, टीव्हीवर बरं दिसतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून हो म्हटलं. मी माझी निळी नेसणार आहे, भिंगऱ्याला आवडायची ती.

काय बोलायचं ते मला अजून माहीत नाही. माहीत असतं तर तुला कशाला लिहिलं असतं.

एकच वाटतं. त्याला बावळट म्हणू द्यायचं नाही. आणि तुला कोणाला नेऊ द्यायचं नाही. दोन्ही एकदम कसं जमायचं ते तिथे गेल्यावर बघू. उंचावर जायचं आणि खाली काय आहे ते माहीत नसायचं, तुझा धंदा उद्या मला करायचाय.

ताई

२४ मे

बाळा,

तुला बाळा म्हणून किती वर्षं झाली. आज म्हणू दे.

तू टीव्हीवर पाहिलंच असशील. नसलंस तर माझ्याकडून ऐक, कारण आता सगळे आपापलं सांगतायत.

लांबलचक टेबल, पलीकडे पाच माणसं, मध्ये निवृत्त न्यायाधीश. चांगला म्हातारा होता. माझ्यासमोरचा माईक शिट्टी मारायला लागला तर स्वतः उठून त्याने तो नीट केला. मोहीमवाल्या बाई माझा हात धरून बसल्या होत्या. पॉलिशवाल्या वकिलाने तो फोटो मोठा करून आणला होता, खोली भरेल एवढा. आपलं मागचं अंगण. वाळत टाकलेला यांचा टॉवेलसुद्धा दिसत होता.

तो म्हणाला, ही रचना बघा. हे मुलाच्या मनाने केलेलं नाही. हे कोणीतरी शिकवलंय.

मी उभी राहिले. हात सोडवून घेतला. म्हटलं, "साहेब, पहिल्यांदा हे लिहून घ्या की माझा मुलगा बावळट नव्हता. त्याला सिनेमातलं सगळं खोटं आहे हे तुमच्याआधी माहीत होतं." आणि मी त्या फोटोपाशी जाऊन बोट ठेवून एकेक दाखवलं. झाकणं का उघडी. सांधे का असे. दोरी कशाला. कुठून आलं तोंडात कोण जाणे, पण थांबले नाही. म्हटलं, जाणकार माणसाने बघितलंय, रचण्यात एक चूक नाही. खोकी पाण्याने भिजली, आणि खाली बघायला कोणी नव्हतं, म्हणून गेला.

न्यायाधीशांनी विचारलं, "पाणी कुठलं?"

म्हटलं, "टाकी गळते आमची."

मग वकील पुढे आला. घाईने. "आणि हे त्याला शिकवलं कोणी?"

मला तू दिसत होतास, पिवळ्या शर्टात, कठड्याला पोट लावून.

मी म्हटलं, "मी."

तो हसला. "तुम्ही? तुम्ही शिवणकाम करता."

"हो. आणि माझा भाऊ सहा वर्षांचा असल्यापासून त्याच्या खाली गाद्या मी रचलेल्या आहेत. त्याच्या आधीपासून मला येतं. हे आमच्या घरात माझ्यापासून आलंय. आता खटला घालायचा तर माझ्यावर घाला."

पुढे नुसता गोंधळ. न्यायाधीशांनी काहीतरी लिहिलं आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच बातमी, आईचीच कबुली. फलक उतरले. बाई स्वतः येऊन भिंगऱ्याचा फोटो परत देऊन गेल्या, गुंडाळी करून, वर रबर लावून. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला आधी सांगायचं होतं हो. मी माझ्या मुलीला काय सांगू?" म्हटलं, तिला सांगा की तो पिवळ्या शर्टातला माणूस पडून उठतो, त्याला काही होत नाही. त्या रडत गेल्या. मोहिमेमुळे उतरवलेला सिनेमा परत लागलाय, पहिल्यापेक्षा मोठ्या जाहिराती आहेत, आणि दारावरचा अजून लहानांना आत सोडतो. ते तसंच राहिलं. ते मला जमलं नाही.

मालकांनी मला काही दिवस घरी बसायला सांगितलंय. वाईट वाटलं त्यांनाही. पण गणवेशाचं माप द्यायला आलेले पालक म्हणतात, त्या बाईचा हात आमच्या मुलाला नको. शेजारची मशीनवाली माझी कात्री घरी आणून देऊन गेली. काल कोणीतरी दारावर कोळशाने घाण लिहून गेलं. हे उठायच्या आत मी पुसून टाकलं.

पण यांनी दुसरंच बघितलं होतं. सगळी सुनावणी, टीव्हीवर. त्या दिवशी मी सुनावणीहून आले तेव्हा स्वयंपाकघरात मोटरच्या बटणाजवळ उभे. मोटर बंदच होती. म्हणाले, "अगं, मोटर मी लावली होती." लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "टाकी गळते." ते म्हणाले, "नाही गळत." मी परत म्हटलं, "गळते." मग आम्ही दोघं तिथेच खाली फरशीवर बसलो आणि रडलो. तो गेल्यापासून एकत्र रडलो नव्हतो.

तर बाळा, आता सगळी बोटं माझ्याकडे आहेत. तुझ्याकडे कोणी बघत नाही, तुझं नाव कुठे नाही. दवाखान्यात बोलले ते मी परत घेते, सगळ्यांसमोर घेतलंच आहे, आता तुझ्यापाशी घेते. तू नाही मारलंस. तुझ्यासारखा मामा मिळाला म्हणून तो अकरा वर्षं जमिनीवर चालला नाही, उड्या मारत जगला. मला त्याची फार आठवण येते रे. सकाळी डबा दोनच माणसांचा भरते आणि तिसऱ्या डब्याचं झाकण हातात घेऊन उभी राहते.

तू ये. खोकी मोडायला तूच हवास, लंबू हात लावत नाही, यांना मी लावू देत नाही, आणि रचणारा तर आता येत नाही. आज सकाळी मी अंगणात बसले आणि एकेक खोकं तळहाताने दाबून पाहिलं, लहानपणी गाद्या दाबायचे तसं. खालचीसुद्धा. सगळी वाळलीत आता. उशीर झाला, पण बघून ठेवलं.

आणि हे पत्र तुला त्या गच्चीवर मिळालं असेल तर तिथून मागे फिर. जिन्याने खाली उतर, एकेक पायरी, कठड्याकडे बघू नकोस. खाली कोणी नाही असं वाटलं तर भिंतीवर बसून विचारायचास तसं विचार.

हं, आहे मी.

ताई